अंगावरची खूण

नत्थूजी भुरे कुणालाही आधी नाव विचारत नसत. खिडकीशी कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "अंगावर काय खूण होती?" समोरचा गडबडून जाई. तो बिचारा आजोबांचं नाव, पलटणीचं नाव, ओळखीच्या कुणा साहेबाची चिठ्ठी, असं सगळं जमवून आलेला असे. "नाव मंग सांगजो," नत्थूजी म्हणत. "नाव कोनाचंबी असते. खूण सांग."

मी भंडाऱ्याच्या ट्रेझरीत, म्हणजे सरकारी खजिन्याच्या कचेरीत, कारकून म्हणून लागले ती बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी. नागपूरची बी.ए. झालेली पोरगी, बोलायला फटकळ. त्यामुळेच साहेबांनी मला पहिल्या महिन्यात अभिलेखाच्या खोलीत टाकलं असा माझा समज होता. अजूनही आहे. त्या खोलीत जुन्या सैनिकांच्या पेन्शनचे कागद होते आणि त्या कागदांवर नत्थूजींची नजर होती. हुद्द्याने ते दफ्तरी, म्हणजे फायली शिवून सांभाळणारे, माझ्यापेक्षा एक पायरी खाली. ही पायरी त्यांनी मला पहिल्याच दिवशी विसरायला लावली.

"चपला बाहेर काढ, बाई."

"का? देऊळ आहे का?"

"देऊळ नाही. पन लोकाइचे बाप झोपून हायेत इथं."

चपला काढल्या. न काढून सांगते कुणाला! एकदा नवे साहेब तपासणीला आले, पायात लेसचे चकचकीत बूट. नत्थूजींनी त्यांना अडवलं नाही. दारात एक स्टूल आणून ठेवलं आणि अदबीने म्हणाले, "बसा साहेब. बसून लेस सोडाले सोपं जाते." साहेब काय समजायचं ते समजले आणि बसले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. नत्थूजींनी तपासणी संपेपर्यंत नजर छतावरून खाली आणली नाही. त्या साहेबांनी पुढे बदली होईपर्यंत नत्थूजींना कधी आवाज चढवला नाही, हे मी पाहिलेलं आहे.

दिसायला ते उंच, काळेसावळे, हाडापेराचे. खाकी कोट उन्हाळ्यातही अंगावर असायचा, कारण त्याच्या खिशात सुतळीचा गुंडा आणि दाभण असे. कारध्याहून पूल ओलांडून सायकलने येत. पँटच्या घोट्यांना फायलीची नाडी बांधलेली. तंबाखूची डबी खोलीबाहेरच्या कोनाड्यात ठेवून मगच आत. फायलींच्या गठ्ठ्यांत कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुलिंबाचा पाला पेरलेला असे, त्यामुळे मी घरी गेले की माझी आई विचारायची, "कुणाला देवी आल्यात का गं?"

कारध्याला त्यांची धानाची शेती होती. बांध घातलेल्या धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. त्यांच्या प्रत्येक बांधीला नाव होतं आणि तीच नावं त्यांनी खोलीतल्या मांडण्यांना दिली होती. भिंतीच्या ओलीशी असलेली मांडणी ती 'तळ्याखालची', वरची 'माथ्यावरची', खिडकीजवळची 'चिचेची', कारण घरच्या त्या बांधीवर चिंचेचं झाड होतं. सरकारी यादी वेगळी होती आणि ती कुणीच वापरत नसे. मला सहा महिने लागले हे पाठ करायला. चुकीच्या मांडणीशी उभी दिसले की मागून आवाज यायचा, "बाई, माथ्यावर पानी शोधून राहिली का?"

'चिचेची' त्यांची लाडकी. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परत आलेल्यांना जी पेन्शन मिळे, तिच्या पातळ पातळ फायली तिथे होत्या, एका माणसाची एक. पहिल्या पानावर उंची, रंग, अंगावरच्या खुणा, गाव, बायको, मुलं. बहुतेकांना सही करता येत नसे. म्हणून माणूस खिडकीशी आला की त्याचं नाव पुकारायचं, खुणा ताडून पाहायच्या आणि त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, "मी ओळखतो." मग अंगठा.

"या बांधीत मेलेला मानूस भेटत नाही," नत्थूजी सांगत. "घरी तार आली, मानूस तिकडंच गेला, त्याइचे कागद सरकारनं दुसरीकडं ठेवले. इथं ज्याचा कागद हाय, तो आपल्या पायानं इथवर आलेला हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल. ते ध्यानात ठेवा. आम्ही दोघांनी ठेवलं नाही.

एकदा पवनीकडचे दोन भाऊ आले. आजोबा पलटणीत होते, घरी एक पितळी बिल्ला सोडून काही पुरावा नाही. आजोबांचं नाव गणपत. आमच्याकडे त्या गावचा गणपत नावाचा कुणीच नव्हता. मी सरळ 'नाही' म्हणून अर्ज परत करणार होते. नत्थूजींनी विचारलं, "खूण?" धाकटा म्हणाला, उजव्या कानामागे भाजल्याचा डाग होता म्हणे, लहानपणी चुलीत पडले होते. नत्थूजी उठले, 'चिचेची'समोर डोळे मिटून मिनिटभर उभे राहिले आणि एक फाइल काढून आणली. नाव भलतंच. पण कानामागचा डाग तोच, गाव तेच, बायकोचं नाव तेच. पोरगा घरून पळून गेला होता आणि बापाने शोधू नये म्हणून शेजाऱ्याचं नाव सांगून भरती झाला होता. मोठ्या भावाने पानावरच्या अंगठ्याच्या ठशावर हळूच आपला अंगठा टेकवून पाहिला. धाकटा म्हणाला, "दादा, तुहा मोठा हाय." आणि दोघंही हसता हसता रडायला लागले. मी फटकळ असले तरी दगड नाही. मी खिडकीकडे तोंड केलं.

नत्थूजींना या कामाचा गर्व होता. मला तो आवडे. आमच्या कचेरीत खुर्चीचा गर्व असणारे पुष्कळ होते, कामाचा असणारा हा एकच.

'मी ओळखतो' हे दोन शब्द मात्र ते सहजासहजी बोलत नसत. बोलायचे तेव्हा टोपी काढून, कोटाची गुंडी लावून, ताठ उभे राहून. एकदा एक चटपटीत इसम एका म्हाताऱ्याला घेऊन आला. यांना ओळखतो म्हणा, बाकी आम्ही चहापाण्याचं बघू, असं काहीतरी कुजबुजला. नत्थूजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चहा मी माह्या बायकोच्या हातचा पिऊन येतो, भाऊ. अन् ज्याले पाह्यलं नाही त्याले मी ओळखत नाही." त्याच आठवड्यात एक म्हातारी पायरीवर बसून होती. नवऱ्यामागची पेन्शन घ्यायला आलेली, पण सोबत यायचं ठरलेला गावकरी आलाच नव्हता. ओळखणारं कुणी नाही, म्हणून खिडकीवरून परत पाठवलेली. नत्थूजींनी तिच्या हातावरचं गोंदण पाहिलं, आत गेले, नवऱ्याच्या फायलीत बायकोच्या खुणा वाचल्या. डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन, त्याखाली पाच ठिपके. बाहेर येऊन तिचे ठिपके मोजले. मग टोपी काढली. "मी ओळखतो," ते म्हणाले. म्हातारी म्हणाली, "बापू, तू कोनाचा रे?" नत्थूजी आत येऊन दाभणात सुतळी ओवायला लागले.

तो प्रश्न त्यांना का लागला, ते मला नंतर कळलं. मला सगळ्यांची सेवापुस्तकं नीट करायचं काम मिळालं होतं. सेवापुस्तकात एक रकाना असतो, वडिलांचं नाव आणि मूळ रहिवास. नत्थूजींच्या रकान्यात 'नवाजी भुरे' एवढंच होतं. रहिवासाची जागा कोरी. मी म्हटलं, "नत्थूजी, दुसऱ्यांच्या पणजोबांचं गाव सांगता आणि तुमच्या बापाचं गाव लिहायचं राहिलं?"

"राह्यलं नाही. मालूम नाही तं लिहीन कसं?"

माझी जीभ तेव्हा मला पहिल्यांदा नकोशी झाली.

थंडीच्या दिवसांत आम्ही डबे घेऊन मागच्या ओट्यावर उन्हात बसत असू. तिथे एकदा त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची माय, भिवरा, कारध्याच्या भुऱ्यांची लेक. तिला कोंढ्याच्या हटवारांच्या घरी दिलं होतं. नवरा केसो हटवार लढाईवर गेला आणि बसऱ्याला मेला. ती माहेरी परत आली. काही वर्षांनी नवाजी नावाचा एक माणूस कुठूनसा कारध्याला आला आणि भिवरेने त्याच्याशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आमच्या भागात रीतीचं, पण मान पहिल्या लग्नाचा. नवाजी घरजावई झाला, भुऱ्यांचंच आडनाव लावलं. कुठला, कोणाचा, हे तो कधी बोलला नाही. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. पोराने विचारलं तर म्हणे, वैनगंगेतल्या मगरीने नेली. वर्षातून दोनदा धुवट धोतर नेसून भंडाऱ्याला जाई. कशाला? कचेरीत साक्ष द्यायची आहे. नत्थूजी नऊ-दहा वर्षांचे असताना तो तापाने गेला.

"शाळंत पोरं इचारत, तुह्या बापाचं गाव कोनतं? मी म्हनो, वैनगंगा."

ते हसले. मी नाही हसले.

"दर दसऱ्याले माय मले कोंढ्याले नेई. हटवाराइच्या अंगनात केसोचा गोटा हाय. त्याच्या नावाचा. त्याले तेल लावाचं. मंग सारे भाऊबंद देवाच्या खोलीत जात. मी उंबऱ्याबाहेर. पाटाचा पोरगा आत नाही जात. मायनं मरताना वचन घेतलं, तेलाले खंड पाडू नको. म्हनून अजूनबी जातो."

"आणि अजूनही बाहेर बसता?"

"मंग कोठं बसू?"

पन्नाशी ओलांडलेला, साहेबाला बूट काढायला लावणारा माणूस! माझा संताप झाला. मी म्हटलं, त्या केसोची फाइल असेल ना इथे? तेव्हा ते म्हणाले, "हाय. चिचेच्या बांधीत, खालून दुसऱ्या गठ्ठ्यात. दरसाल झाडतो. उघडत नाही. घरचा कागद आपन काढाचा नाही, हा माहा कायदा. अन् खरं सांगू? तो मानूस नसता, तं मी बाहेर नसतो बसलो. त्याचं तोंड काहून पाहू?"

हे ऐकताना माझ्याही डोक्यात काही पेटलं नाही, याची आज लाज वाटते. चिचेच्या बांधीत मेलेला माणूस भेटत नाही, हे मला तोंडपाठ होतं. आणि त्यांना तर ते माझ्या आधी पाठ होतं. राग माणसाला किती साध्या गोष्टीपुढे आंधळं करतो!

अशी बरीच वर्षं गेली. ऐंशी साल उलटलं. नत्थूजींच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, दसऱ्याच्या थोडं आधी, कोंढ्याचा श्रावण हटवार कचेरीत आला. केसोच्या धाकट्या भावाचा नातू, पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, मागे मोटरसायकलवाला दोस्त. गावाच्या चौकात हुतात्मा केसो हटवार यांच्या नावाची फरशी बसवायची होती, त्यासाठी सैन्यातल्या नोकरीचा सरकारी कागद हवा होता. रीतसर अर्ज आणला होता. नत्थूजींना पाहून म्हणाला, "अरे, तुमी इथं होय? बरं झालं. आमच्या आज्याचा कागद काढा पटकन."

नत्थूजींचा चेहरा लाकडासारखा झाला. पण अर्ज आला होता. ते उठले, फाइल काढली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. "तू उघड, बाई. तू वाच."

इंग्रजी वळणदार अक्षर होतं. मी मराठीत सांगत गेले. "केसो, वडील दमाजी हटवार. राहणार कोंढा." पुढे वेगळ्या शाईत काही लिहिलं होतं. "हल्ली मुक्काम कारधा."

"कारधा काहून?" श्रावण म्हणाला.

मी पुढे वाचलं. "गोळीने जखमी. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत."

नत्थूजी स्टुलावर बसून गठ्ठा शिवत होते. दाभण थांबलं.

"डाव्या दंडावर गोंदण, विंचू."

"नांगी कोनीकडं?" नत्थूजींनी विचारलं. इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. मी कागद पाहिला. लिहिलं होतं. "कोपराकडे."

त्यांनी दाभण खाली ठेवलं. मला थांबवलं असतं तर मी थांबले असते. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. "कुटुंब," मी वाचलं. "पत्नी भिवरा. मुलगा एक." आणि मग माझाच आवाज मला परका वाटला. "नत्थू."

त्या मागच्या पानांवर पावत्याच पावत्या होत्या. वर्षातून दोन. प्रत्येकीवर अंगठा. पंधराएक वर्षांच्या.

श्रावण आधी गोंधळला, मग चिडला. "हे खोटं हाय! आमचा आजा लढाईत मेला. आमच्या अंगनात गोटा हाय त्याचा!" नत्थूजी उठले. मला वाटलं आता त्याला सुनावतील. मी असते तर सुनावलं असतं, आणि पोटभर. ते एवढंच म्हणाले, "अर्ज तुमचा हाय, श्रावणभाऊ. नक्कल भेटन. जे लिवलं हाय तेच भेटन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नक्कल तू कर. मी हात नाही लावत."

चार दिवसांनी दसरा. नत्थूजी म्हणाले, "तू चाल. कागद तूच वाच. मी वाचला तं म्हनतील, घरचा लिहून आनला." म्हणून मी कोंढ्याला गेले. श्रावणची आजी सारजाबाई अजून होती, केसोच्या धाकट्या भावाची बायको. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण कान तिखट. मायची मैत्रीण म्हणून नत्थूजी तिला मावशी म्हणत. अंगणात सगळे भाऊबंद जमले होते. श्रावण तोंड पाडून उभा. नत्थूजींनी गोट्याला तेल लावलं आणि सवयीप्रमाणे देवाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसले. मी नक्कल वाचली. विंचवापर्यंत आले तेव्हा सारजाबाई म्हणाली, "पुरे कर, पोरी. मले मालूम हाय."

"खबर आलती का तो मेला," ती म्हणाली. "पळसाच्या पानाइचा मानूस केला, त्याले जाळलं, दहावं-तेरावं केलं. भिवराबाईच्या बांगड्या मीच फोडल्या. अन् चौथ्या वर्षी हा आला ना उभा दारात! बोटं नाही, दाढी वाढलेली. पन मेलेल्या मानसाले घरात कसं घ्याचं? तेराव्याचं जेवन गाव जेवलं होतं. पंच म्हनाले, तो केसो मेला. याले पुन्हा जन्माले घाला."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे बारसं. त्या आंब्याच्या झाडाले लुगड्याचा पाळना बांधला. एवढा मिशीवाला मानूस त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला. दोरी म्या हालवली. मी अठरा-एकोणीस वर्षाची होती. बायका हासत होत्या अन् भिवराबाई रडत होती. नवा जन्मला म्हनून नवाजी नाव ठेवलं. आता नव्या मानसाले जुनी बायको कशी? म्हनून पाट लावला. तिनं आपल्याच नवऱ्याशी पाट लावला, बाई. अन् नव्या मानसाचा हटवाराच्या वावरात हिस्सा नाही, घरात जागा नाही. ते तं भावाइले सोयीचंच होतं. पंचाइनं साऱ्याइले शपथेचा बेल-भंडार उचलाले लावला. जुनं नाव घ्याचं नाही, घेतलं तं घरातलं आनखी कोनी जाईन. पंच मेले, भाऊ मेले. पाट तेवढा ध्यानात राह्यला लोकाइच्या."

"तो इथं येई," नत्थूजी उंबऱ्यावरून म्हणाले. "मले आठवते. गोट्याले तेल लावे अन् हासे. मले वाटे, परायाच्या गोट्याले हासते काहून?"

"आपल्याच गोट्याले हासे तो," सारजाबाई म्हणाली.

श्रावणने विचारलं, "मंग तू आतापर्यंत काहून नाही बोलली, आजी?"

"बोलाची शपथ होती. ऐकाची नव्हती. कागद बोलला, म्या ऐकलं." मग तिने काठी आपटली. "अन् तू तिथं काहून बसला रे, नत्थू?"

"मावशी, मी..."

"मावशी नोको म्हनू. काकी म्हन. ऊठ."

नत्थूजींनी टोपी काढली. उंबरा ओलांडताना त्यांनी तो हाताने चाचपला, अंधारात चाचपावा तसा, भर दुपारी. आत समई होती, ती त्यांनी लावली. मी जातीने परकी, मी बाहेरच राहिले. त्यांची जागा मोकळी झाली होती, तिथे बसले. दगड चांगलाच गुळगुळीत होता.

निघताना श्रावण माझ्याजवळ आला. वाईट पोरगा नव्हता तो. "बाई, आता फरशीवर काय लिहू?" आतून म्हातारीने ऐकलं. "लिही, केसो आला होता." फरशी पुढे बसली. त्यावर काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत नत्थूजींनी आपलं सेवापुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "घरचा कागद हाय. तूच लिही." मी लिहिलं, कोंढा. वळणदार अक्षरात, जेवढं मला येतं तेवढ्या.

मला एकच गोष्ट राहून राहून वाटे. मायने नाव घेतलं नाही, गावाने घेतलं नाही. धुवट धोतर नेसून तो माणूस वर्षातून दोनदा आमच्या खिडकीशी येई, कारण अख्ख्या जगात तिथेच त्याला केसो म्हणून हाक मारत. आणि तो खोटं बोलत नव्हता. साक्षच द्यायला येत होता.

नत्थूजींच्या निवृत्तीच्या महिन्यात वरून हुकूम आला की मुदत संपलेले जुने कागद काढून नष्ट करावेत. याला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. धानातलं गवत काढण्याला आम्ही निंदण म्हणतो, त्यामुळे नत्थूजींना हा एकच सरकारी शब्द मनापासून पटलेला होता. यादीत 'चिचेची' पूर्ण होती. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, एक फाइल पातळ आहे, माझ्या पिशवीत मावेल. कुणाला कळणार नाही.

ते माझ्यावर चिडले, दहा वर्षांत पहिल्यांदा. "दुसऱ्याच्या बापाचा कागद जाळला अन् माह्या बापाचा ठेवला, तं मी दफ्तरी कायचा? त्याचं काम झालं, बाई. कागद कामासाठी असते."

रीत अशी होती की एकाने फाइलवरचं नाव वाचायचं आणि दुसऱ्याने यादीवर खूण करून 'निंदा' म्हणायचं. मग फाइल पोत्यात. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं अनवाणी त्या खोलीत बसलो होतो, मधे पोतं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा सगळीकडे उडत होता. मी नाव वाचायची, नत्थूजी म्हणायचे, "निंदा." पुढचं नाव. "निंदा." दुपारपर्यंत असंच चाललं. मग खालून दुसरा गठ्ठा आला. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मी फाइल हातात घेतली आणि जुन्या काळी खिडकीवरून पुकारत असतील तशी, मोठ्याने, पूर्ण वाचली.

"केसो, वडील दमाजी हटवार, राहणार कोंढा!"

उत्तर आलं नाही. मी मान वर केली. नत्थूजी उभे राहिले होते. टोपी हातात होती. कोटाची वरची गुंडी त्यांनी लावली.

"मी ओळखतो," ते म्हणाले.

मग खाली बसले, यादीवर खूण केली आणि माझ्या हातातली फाइल घेऊन स्वतः पोत्यात ठेवली.

"वाच बाई. पुढचं नाव वाच."